सहा लेनचं भाडं

मोजणीताईंचं खरं नाव दवाखान्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. तळघरात जिन्याच्या मागे एक लांबट खोली होती. तिच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. त्या खोलीत ताईंनी एकोणीस वर्षं काढली होती. सगळ्या वॉर्डांच्या मळक्या चादरी तिथे जमायच्या, गठ्ठे होऊन धुलाईच्या कारखान्यात जायच्या आणि धुऊन, इस्त्री होऊन परत यायच्या. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं. किती गेलं, किती आलं, किती फाटलं, याची जबाबदारी ताईंची.

हे नाव पडलं नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात. धुलाईची गाडी आली, ड्रायव्हरने चिठ्ठी पुढे केली, "दोनशे चादरी. सही करा." आधीच्या बाई गाडीचा दरवाजा उघडायच्या आत सही करून मोकळ्या व्हायच्या. ताई मात्र खाली बसल्या आणि दहा-दहाच्या थप्प्या लावायला लागल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी भरल्या.

"अहो, कागदावर दोनशे आहेत ना," ड्रायव्हर वैतागला.

"मग बारा पेशंटांखाली कागद अंथरू का?" ताई म्हणाल्या.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पाचव्या मजल्यावर पोचली आणि तेव्हापासून त्या मोजणीताई झाल्या त्या झाल्याच. पुढे पुढे नवऱ्यानेसुद्धा तेच नाव उचललं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी कामावर पडला, गुडघा गेला आणि वर्षभर घरी बसला. त्या वर्षात घरात जे जे कमी करता आलं ते ते कमी केलं. एकच गोष्ट राहिली, लेकीचं पोहणं. तेही बंदच करायला ताई गेल्या होत्या. पण पोहणं शिकवणाऱ्या कोचबाईंनी अर्ज वाचायच्या आधीच तो घडी करून परत दिला. "फी माफ करू. पाठीवर पोहताना हिच्यासारखी सरळ रेषा धरणारी दुसरी मुलगी माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. ताईंच्या मनावर त्या माफीचं ओझं होतं, पण त्यांनी ती घेतली.

हा क्लब म्हणजे काही बडं प्रस्थ नव्हतं. आजूबाजूच्या मुलांना परवडणाऱ्या पैशात पोहणं शिकवायचं, स्पर्धांना न्यायचं, एवढ्यासाठी काही जणांनी मिळून काढलेली संस्था. सात जणांची समिती, एक पत्र्याचं कपाट आणि एक शिट्टी. तलावही त्यांचा नव्हता. तो शहराचा. त्याला दोऱ्यांनी आखलेल्या सहा लेन होत्या. प्रत्येक लेनला तासाला पन्नास असं भाडं भरून क्लब संध्याकाळी पाच ते सात तिथे मुलांना पोहायला उतरवायचा.

क्लबचे पैसे अकरा वर्षं औषधवाले काका सांभाळत होते. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं, आता मुलगा चालवायचा. काकांनी कधी चहाचे पैसेसुद्धा क्लबच्या खात्यातून घेतले नव्हते, असं सगळे म्हणायचे. म्हणजे, त्या वर्षीच्या सभेपर्यंत म्हणायचे.

सभा तलावाच्या वरच्या हॉलमध्ये भरली होती. अध्यक्षांचं टायरचं दुकान होतं. माणूस मनाने वाईट नव्हता, पण आवाज सदानकदा रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखा. त्यांनी बँकेचं पुस्तक वर धरलं.

"अडीच वर्षांपूर्वी शिल्लक होती बासष्ट हजार चारशे. आज आहे चारशे. मला फक्त एवढंच विचारायचंय, की पैसे गेले कुठे?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. काका पुढच्या रांगेत बसले होते, काठी गुडघ्यांच्या मध्ये धरून.

"जे आहे ते वहीत आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्यांनी "काय म्हणाले?" असं एकमेकांना विचारलं. मग ते उठले, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि "आता दुसऱ्या कुणी तरी बघा" म्हणून भिंतीचा आधार घेत खाली उतरून गेले. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही.

अध्यक्षांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत काही मार्ग निघाला तर ठीक, नाही तर क्लब बंद. पंधरा दिवस उरले होते. खजिनदार कोण होणार, असं विचारल्यावर हॉलमधल्या प्रत्येकाला एकदम आपापल्या चपलांमध्ये काही तरी बघण्यासारखं सापडलं. शेवटी कोचबाई म्हणाल्या, "मोजणीताई आहेत की."

ताई नाही म्हणणार होत्या. तेवढ्यात मागून कुणी तरी कुजबुजलं, "ज्यांची फी माफ, त्यांच्याच हातात तिजोरी?" ताईंचे कान तापले. शेजारी बसलेल्या लेकीनेही ते ऐकलं, हे त्यांना तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. मग मात्र त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि किल्ल्या उचलल्या.

"करते मी," त्या म्हणाल्या.

घरी नवरा म्हणाला, "फुकटात पोहते म्हणून तू फुकटात राबणार का?"

"ती पोहते म्हणून राबणार," ताई म्हणाल्या. "आणि त्या म्हाताऱ्या माणसाकडे सगळे कसे बघत होते, ते तू पाहिलं नाहीस."

रविवारी सकाळी त्यांनी वह्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. आधीच्या वर्षांतलं काकांचं अक्षर छापल्यासारखं होतं. अलीकडच्या पानांवर मात्र ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. तरी ताईंनी चिकाटीने एकेक पावती वहीशी लावली. फीच्या पावत्या, देणग्या, कोचबाईंचं पाच हजार मानधन, टोप्या, क्लोरीनने विरलेल्या दोऱ्यांच्या जागी नव्या दोऱ्या, स्पर्धेची प्रवेश फी; तलावाच्या भाड्याच्या रकमा बँकेच्या पुस्तकाशी. दुपारी चारपर्यंत सगळं लागलं. एका पैशाचा फरक नाही.

खरं तर याने बरं वाटायला हवं होतं. पण ताई अस्वस्थ झाल्या. हिशेब चुकला असता तर चूक हातात तरी आली असती. इथे सगळं बरोबर होतं आणि पैसे तरीही गेले होते. काकांनी चोरी केली नव्हती, हे त्यांना कळलं. ते दुसऱ्या कुणाला पटवायचं तर पैसे कशाने आटले हे सांगावं लागणार होतं.

त्यांनी कोऱ्या कागदावर साधा हिशेब मांडला. अडीच वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी तलाव काही महिने बंद होता. त्याआधी फी भरणारी मुलं पंचेचाळीस होती, नंतर चाळीस राहिली. चारशे फी. म्हणजे महिन्याला दोन हजार कमी. खर्च होता तेवढाच: तलावाचं भाडं चौदा हजार चारशे, मानधन पाच हजार आणि वरचे सहाशे. सगळा मिळून वीस हजार. जमा, फीचे सोळा आणि देणग्यांचे दोन धरून, अठरा. दर महिन्याला दोन हजार शिल्लकीतून जात होते. एकतीस महिने झाले होते. बासष्ट हजार.

ताई त्या आकड्याकडे बघत बसल्या. भोक सापडलं होतं. पण ते बुजवायचं कसं, हेही तिथेच लिहिलेलं होतं. फी माफ असलेली मुलं सहा. सहा चोक चोवीस, दोन हजार चारशे. ही सहा मुलं काढून फी भरणारी सहा घेतली किंवा त्यांच्याकडूनच फी घेतली, की क्लब वाचला. आणि त्या सहांतली एक आत पलंगावर पाय वर करून गोष्टीचं पुस्तक वाचत होती.

सोमवारी त्यांनी अध्यक्षांना त्यांच्या दुकानात जाऊन हे सगळं दाखवलं. लपवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. अध्यक्षांनी बोट ठेवून ठेवून कागद वाचला. काकांनी पैसे खाल्ले नाहीत हे त्यांना मान्य करावं लागलं, पण ते मान्य करताना ते टायरच्या ढिगाकडे बघत होते. मग शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"उत्तर तर तुम्हीच लिहून आणलंय, ताई."

"हो."

"मला म्हणायला जड जातंय."

"मग अजून म्हणू नका. महिनाअखेरीला वेळ आहे," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

त्याच आठवड्यात लेकीचा कान दुखायला लागला. सोमवारी उजवा, मंगळवारी डावा. बुधवारी ताईंनी दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं. दोन्ही कान ठणठणीत. दोघी चालत घरी निघाल्या. वाटेत लेकच म्हणाली, "आई, मी नाही गेले तर क्लबचे पैसे वाचतील ना?"

ताईंना चालता चालता थांबावं लागलं. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तू लिहिलेलं बघितलं टेबलावर."

"ते अर्धंच लिहिलंय," ताई म्हणाल्या. का म्हणाल्या, त्यांना माहीत नव्हतं. लेकीसमोर बोलायला काही तरी हवं होतं म्हणून म्हणाल्या. पण मग ते वाक्य डोक्यातून जाईना. खोलीतले गठ्ठे त्यांनी आजवर नुसत्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून कधी उचलले नव्हते, आणि क्लबचा हिशेब मात्र रविवारी दिवसभर कागदाला कागद लावून केला होता. क्लबमधली एकही गोष्ट हाताने मोजली नव्हती.

गुरुवारी काम सुटल्यावर त्या तलावाच्या भाड्याचं शेवटचं बिल पर्समध्ये घालून गेल्या. पायऱ्यांवर बसल्या आणि खरोखरच मोजायला लागल्या. मुलं चव्वेचाळीस, दोन गैरहजर, त्यातली एक आपली. लाकडी बाक तीन. हातात धरून पोहायच्या फळ्या बावीस. मग बिल उघडलं. मोठ्या अक्षरात एकूण रक्कम, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात तपशील: लेन एक ते सहा, रोज दोन तास, दिवस चोवीस.

ताईंनी पाण्याकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार. चार लेनमध्ये मुलं एकामागोमाग एक पोहत होती, इतकी दाटीवाटीने की मागच्याचा हात पुढच्याच्या पायाला लागत होता. पाच आणि सहा नंबरच्या लेनमध्ये पंधरा-वीस मोठी माणसं छातीभर पाण्यात उभी राहून गाण्याच्या तालावर हात वर करत होती. पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग. ताई हा वर्ग अडीच वर्षं रोज बघत होत्या. एकदा त्यातल्या एका गृहस्थांची टोपी वाहून गेली तेव्हा खूप हसल्याही होत्या. आज पहिल्यांदा त्यांनी त्या दोन लेनकडे बिल हातात धरून पाहिलं.

त्या काठाने चालत कोचबाईंकडे गेल्या.

"या दोन लेन आपल्याकडे नाहीत?"

"दुरुस्तीनंतर नाहीत, ताई. म्हणाले होते थोडे दिवस, मग राहिलंच. म्हणून तर मुलं कमी घेतो आपण. जागाच नाही."

"आणि भाडं?"

"भाड्याचं मला काय माहीत? ते काका बघायचे." कोचबाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "का? काय झालं?"

"काका तलावावर शेवटचे कधी आले होते?"

कोचबाईंनी आठवून पाहिलं. "पायऱ्या ओल्या असतात म्हणून येत नव्हते. झाली की दोन-तीन वर्षं."

म्हणजे जे रोज पाणी बघत होते त्यांनी बिल पाहिलं नव्हतं, आणि जे बिल भरत होते त्यांनी पाणी पाहिलं नव्हतं. ताई व्यायामाचा वर्ग संपेपर्यंत थांबल्या. वर्ग घेणाऱ्या बाई टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या तेव्हा ताईंनी आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, तुम्ही या दोन लेनचं भाडं भरता का?

"भरते म्हणजे? वेळच्या वेळी भरते," व्यायामवाल्या बाईंना जरा रागच आला. "पावत्या आहेत माझ्याकडे सगळ्या. आमचे हे एकही कागद फेकू देत नाहीत, टॅक्सला लागतो म्हणून."

"मला त्या बघायला मिळतील का?"

बाईंनी ताईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा राग गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकची अख्खी फाइल आणून दिली. लेन पाच आणि सहा, संध्याकाळी पाच ते सात. एकतीस महिने.

आता क्लबची एकतीस बिलं हवी होती. कपाटात फक्त शेवटच्या वर्षाची होती. बाकीची काकांकडे. शनिवारी सकाळी ताई औषधांच्या दुकानात गेल्या. काका मागच्या बाजूला स्टुलावर बसले होते. ताई समोर जाऊन उभ्या राहिल्या तरी ते काही बोलले नाहीत. "काका, मी" म्हटल्यावर मात्र ओळखून सावरून बसले.

"ये, ये. चुका निघाल्या असतील."

"एकही नाही. सगळं जिथल्या तिथे आहे." ताईंनी बिल त्यांच्या हातात दिलं. "एवढंच सांगा, यात लेन किती लिहिल्यात?"

काकांनी बिल नाकाजवळ नेलं, मग तिरकं केलं, मग चष्मा वर सारला. "हं, बरोबर आहे. चौदा हजार चारशे."

"ते नाही. लेन किती?"

काकांनी बिल हळूच मांडीवर ठेवलं. पुढे दुकानात मुलगा कुणाला तरी गोळ्या जेवणाआधी की नंतर ते समजावत होता. तो ऐकत नाही ना, याची काकांनी खात्री करून घेतली.

"पोरी, मला ते दिसत नाही," ते म्हणाले. "मोठा आकडा दिसतो. बाकी सगळं दुधातून बघितल्यासारखं."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. मोतीबिंदू असणार, मला कळतं ना. पण घरात सांगितलं असतं तर काउंटरवर बसू दिलं नसतं. आणि डोळ्याला कात्री लावायची, या विचाराने माझी गाळण उडते." ते जरासे हसले, मग हसू मावळलं. "खरं सांगू? मला वाटायचं, माझ्याच हातून होतंय हे. शंभराची नोट दहाची म्हणून देत असेन कुणाला. शिल्लक दर महिन्याला कमी, आणि वही तर जुळतेय. दोन वर्षं मी मलाच चोर समजतोय. फक्त चोरलेलं कुठे ठेवलं ते आठवत नाही."

ताई दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. चार लेन, सहा लेन, व्यायामाचा वर्ग, बाईंच्या पावत्या, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. काका ऐकत होते. त्यांचे ओठ हलायला लागले. ताईंना वाटलं रडतात की काय, पण ते हिशेब करत होते. नजर गेली तरी डोकं शाबूत होतं.

"दोन लेन, दोन तास, पन्नास," काका पुटपुटले. "दिवसाचे दोनशे. महिन्याचे चार हजार आठशे. एकतीस महिने... एक लाख अठ्ठेचाळीस हजार आठशे."

"तेवढेच," ताई म्हणाल्या. त्यांनी तो हिशेब कॅल्क्युलेटरवर केला होता.

"म्हणजे मी नाही."

"तुम्ही नाही, काका."

काकांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला, खूप वेळ पुसला. मग एकदम उठले, वरच्या फळीवरचं खोकल्याच्या औषधाचं रिकामं खोकं चाचपून काढलं आणि ताईंच्या हातात दिलं. एकोणीस बिलं, तारखेप्रमाणे, रबर लावलेली.

सोमवारी ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तलावाच्या मॅनेजरकडे त्या एकट्या जाणार होत्या, पण काका दुकानाबाहेर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. "मी भरले पैसे, मी येणार," म्हणाले. ताईंनी त्यांचा हात धरला आणि दोघं रस्ता ओलांडून, ओल्या पायऱ्या एकेक करत वर गेले.

मॅनेजर तरुण होता, बोलायला मऊ. त्याने दोघांना बसवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असं आहे, सहा लेनचं आरक्षण क्लबच्या नावाने आहे. तुम्ही वापरा, नका वापरू, भाडं लागतंच."

ताईंनी पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे आमचं बिल. ही त्यांची पावती. महिना तोच, वेळ तीच, लेन पाच आणि सहा. साहेब, एकाच पाण्याचं एकाच वेळी दोघांनी भाडं भरलंय. यातलं कुठलं खोटं आहे, तेवढं तुम्ही सांगा. असे एकतीस जोड आहेत माझ्याकडे."

मॅनेजरने एक कागद बघितला, दुसरा बघितला. मग पहिला पुन्हा बघितला. त्याने बिलं करणाऱ्या कारकुनाला बोलावलं. कारकुनाने कॉम्प्युटर उघडला आणि मान खाजवली. दुरुस्तीच्या आधीचं बिल होतं, तेच दर महिन्याला तारीख बदलून छापत होते. नव्या वर्गाची पावती वेगळ्या पुस्तकातून फाडत होते. दोन पुस्तकं एकमेकांसमोर कधी आलीच नव्हती.

"मला इथे येऊन आठच महिने झालेत," मॅनेजर म्हणाला.

"तुमच्यावर आळ नाही घेत मी," ताई म्हणाल्या. "आळ घेतला की काय होतं ते गेल्या पंधरवड्यात बघितलंय. आमचे पैसे परत द्या, बस."

"वर विचारावं लागेल. तीन दिवस द्या."

ते तीन दिवस ताईंना खायला उठले. दवाखान्यात त्यांनी अभ्रे दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळे भरले, तेव्हा हाताखालच्या बाईने त्यांना सरळ चहाला पिटाळलं. वर नाही म्हणाले तर? कोर्टकचेरी करायला क्लबकडे होते चारशे. आणि महिना संपायला उरले होते पाच दिवस.

गुरुवारी दुपारी पत्र आलं. म्हणजे मॅनेजर स्वतः ते घेऊन दवाखान्यात आला. तळघर शोधत शोधत, हरवत, चादरींच्या खोलीच्या दारात उभा राहिला. ताईंनी हात पुसले आणि उभ्याउभ्याच वाचलं. चूक कबूल होती. रोख परत देता येत नाही असं लिहिलं होतं. पुढची ओळ होती: जादा घेतलेली एक लाख अठ्ठेचाळीस हजार आठशे ही रक्कम क्लबच्या पुढील भाड्यात वळती करण्यात येईल. चार लेनचं भाडं महिना नऊ हजार सहाशे.

ताईंनी मनातल्या मनात भागाकार केला. साडेपंधरा महिने. साडेपंधरा महिने भाड्याचा एक पैसा नाही. आणि नंतरही सहा नाही, चारच लेनचं.

त्यांना बसावंसं वाटलं आणि खुर्ची लांब होती, म्हणून त्या स्वच्छ चादरींच्या गठ्ठ्यावरच बसल्या. एकोणीस वर्षांत तिथे बसायची त्यांनी कुणाला परवानगी दिली नव्हती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी अंगभर कळलं. खांदे आपोआप खाली आले. पंधरा दिवस ते कानांपाशी होते, हे तोवर त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पाणी देऊ का?" मॅनेजरने विचारलं.

"नको. यावर शिक्का आहे ना?"

"आहे. मागच्या पानावर."

ताईंनी पान उलटून शिक्का बघितला, आणि मग त्या हसल्या. मॅनेजरही हसला. त्याचाही जीव टांगणीला लागला होता, असं दिसत होतं.

काम सुटल्यावर त्या आधी घरी गेल्या. लेक जिन्यात बसली होती.

"कान कसा आहे?" ताईंनी विचारलं.

"बरा आहे," लेक सावधपणे म्हणाली.

"मग पोशाख घे. तुझ्यामुळे क्लबचं काही अडलेलं नव्हतं. चूक तलाववाल्यांची होती आणि त्यांनी ती लिहून दिली आहे. वाच हवं तर."

लेकीने पत्र वाचलं. तिला निम्मं कळलं असेल. पण ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली आणि पिशवी घेऊन खाली आली, तेव्हा पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

महिनाअखेरच्या सभेला हॉल भरला होता. अध्यक्षांनी पत्र वाचून दाखवलं. त्यांच्या आवाजात वाचल्यामुळे ते बहुधा खाली तलावातही ऐकू गेलं. टाळ्या झाल्या. मग ते खाकरले. पुढच्या रांगेत काका बसले होते, शेजारी सून.

"काका, त्या दिवशी मी विचारलं ते बरोबर होतं," अध्यक्ष म्हणाले. "पण ज्या तऱ्हेने तुमच्याकडे बघितलं, ते चुकलं. सगळ्यांसमोर बघितलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो."

काकांनी हात हलवून ते उडवून लावलं. "अहो, मला तुम्ही बघताय हेच दिसत नव्हतं," ते म्हणाले. हॉलमध्ये असा हशा पिकला की अध्यक्षांना खाली बसता आलं. सुनेला मात्र हसू आलं नाही. तिने तिथेच सासऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मंगळवारची वेळ घेतली आहे डॉक्टरांची, बाबा. आता एक सबब ऐकणार नाही."

त्या वर्षी कोचबाईंचं मानधन पाचाचं सहा हजार झालं. फी माफ असलेल्या मुलांची यादी सहाची आठ झाली, आणि ते ठरवताना कुणी कुजबुजलं नाही. काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तीन महिन्यांनी दुसऱ्याचं. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात आपली जुनी वही मागवून घेतली, शेवटची पानं पाहिली आणि "अक्षर आहे की घसरगुंडी" म्हणून स्वतःवरच वैतागले. खजिनदारकी परत घ्या, असं ताईंनी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते नको म्हणाले, पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकानाच्या मागच्या बाजूला दोन स्टुलं मांडून ठेवतात. ताई बिलं घेऊन येतात. काका बारीक अक्षरातला तपशील मोठ्याने वाचतात, ताई ऐकतात, आणि मुलगा मध्येच चहा आणून देतो.